परत येणारी चप्पल आणि परत येणारं गिऱ्हाईक

चिकोडी तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: "ताई, आमचे काका कोल्हापुरी चप्पल करतात आणि मी वर्षभर त्या ऑनलाइन विकतोय. महिन्याला साठेक जोड जातात, ते सहाशेवर न्यायचे आहेत. अमेरिकेतल्या झॅपोस या बूट विकणाऱ्या कंपनीच्या टोनी शे यांच्याबद्दल वाचलं. पाठवणं फुकट, परत करणंही फुकट, 365 दिवसांत कधीही परत करा, फोनवर गिऱ्हाईक बोलेल तितका वेळ बोला. आपणही तसं जाहीर केलं तर धंदा वाढेल का? आणि जाहिरातीवर महिन्याला किती घालू?"

नाही, "कधीही परत करा" असं जाहीर करू नका. पण का नको, हे सांगायला वेळ लागेल, कारण शे यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपण त्यातलं चुकीचं टोक धरतो, एवढंच.

मी निपाणीत 2014 पासून हाच धंदा करते. माझे कारागीर बहुतेक अथणी आणि मदभावीकडचे, दोन घरं निपाणीतलीच. सुरुवातीला मीही त्या माणसाच्या मुलाखती वाचून भारावले होते आणि सहा महिने "30 दिवस, बिनशर्त परत" चालवून बघितलं. मामंजींनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "हे सगळं परत आलं तर ठेवायचं कुठं?" मला राग आला होता. नंतर ठेवायला जागा खरंच उरली नाही.

आता फरक बघा. झॅपोस 1999 साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी शे यांनी आपली आधीची कंपनी मायक्रोसॉफ्टला 26 कोटी 50 लाख डॉलरना विकली होती. झॅपोस अडखळत होती तेव्हा त्यांनी त्यातले पैसे तिच्यात ओतले. तुमच्या-माझ्या मागे काय आहे? सोसायटीचं कर्ज आणि रोज संध्याकाळी पिग्मीवाल्याच्या हातावर ठेवलेले दोनशे रुपये.

दुसरं, ते विकत होते कारखान्यात बनलेले, खोक्यातले बूट. तिथे आठ नंबर म्हणजे आठ नंबर. परत आला, झाकण लावलं, दुसऱ्याला पाठवला. त्यांचे लोक सांगायचे की सगळ्यात जास्त माल परत करणारं गिऱ्हाईकच सगळ्यात जास्त खरेदी करतं. त्यांच्या मालाला ते लागू होतं. आपली चप्पल पायात घालून अंगणात दहा पावलं टाकली की तळावर ओरखडा उठतो आणि अंगठा सैलावतो. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं कातडं ते, पायाचा आकार लगेच धरतं. तशी जोडी नवी म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. अमेरिकेतलं गिऱ्हाईक कार्डाने आधी पैसे भरतं, मग विचार बदलतो. आपलं गिऱ्हाईक रात्री अकराला मोबाईलवर बटण दाबतं, आणि पार्सलवाला दारात येईपर्यंत विसरलेलं असतं. "साहेब घरात नाहीत" म्हटलं की पार्सल उलटं निपाणीला.

हिशेब मांडून बघा. आकडे तुमचे तुम्ही घाला, मी सोपे धरते. सगळा खर्च जाऊन एका जोडीमागे 300 रुपये सुटतात, कुरिअर एका फेरीला 90. शंभर ऑर्डरी सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या, त्यातल्या पंचवीस परत आल्या. पंच्याहत्तरचे 22,500 मिळाले, पंचवीस जोड्यांच्या जाण्यायेण्याचे 4,500 गेले, हातात 18,000. आता दुसऱ्या बाजूला फक्त सत्तर ऑर्डरी, पण पैसे आधी यूपीआयने आलेले, त्यातल्या तीनच परत. 20,100 मधून 540 वजा, राहिले 19,560. तीस ऑर्डरी कमी आणि पैसे जास्त. शिवाय त्या पंचवीस जोड्यांत अडकलेलं कातडं आणि मजुरी मी धरलीच नाही. मी आज कॅश ऑन डिलिव्हरी बंद केलेली नाही, पण पहिल्यांदा मागवणाऱ्याला फोन केल्याशिवाय पार्सल बाहेर पडत नाही, आणि आधी पैसे भरणाऱ्याला 50 रुपये कमी.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. तळ उसवला, दोन पायांचे रंग वेगळे निघाले, फोटोत दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, तर माल परत घ्यावाच लागतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, हेही त्यातच आहे. माझ्याकडे अशी तक्रार आली तर मी जुनी जोडी परत मागवतसुद्धा नाही, फोटो बघते आणि नवी पाठवते. आपली चूक असली की वाद घालायचा नाही. मी नको म्हणतेय ते "मन बदललं म्हणून परत" याला.

मग शे यांच्याकडून घ्यायचं काय? त्यांनी सांगितलेला एक आकडा फार कमी लोक लक्षात ठेवतात: कुठल्याही दिवशी त्यांच्याकडे होणाऱ्या खरेदीतली साधारण 75 टक्के खरेदी आधी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांची असायची. जाहिरातीवर जे घालायचं ते त्यांनी गिऱ्हाइकाच्या सोयीवर घातलं, आणि गिऱ्हाईक पुन्हा आलं. फुकट परतीचं धोरण ही त्यांच्या धंद्यातली एक सोय होती, कारण बुटाच्या गिऱ्हाइकाची खरी भीती एकच असते: मापात बसेल का? ती भीती त्यांनी पैसे खर्चून काढली. आपल्याला ती डोकं खर्चून काढावी लागते.

आमच्याकडे परत येणाऱ्या जोड्यांची कारणं मी एक वर्षभर वहीत लिहिली. दहातल्या सात वेळा माप. हुबळी-धारवाडकडचे फोन यायचे, "अक्का, सण्ण आगेतरी" (अक्का, लहान झालीय), पुण्याकडून "एवढी घट्ट आहे की रक्त येईल". हाताने केलेल्या चपलेत आठ नंबर ही एक समजूत असते. अथणीच्या कारागिराचा आठ आणि निपाणीच्या कारागिराचा आठ यांत बोटभर फरक पडू शकतो, कारण प्रत्येकाचा साचा त्याच्या वडिलांच्या साच्यावरून आलेला. हे मी मदभावीच्या आमच्या एका म्हाताऱ्या कारागिराला तक्रारीच्या सुरात सांगत होते. ते तळ कापता कापता म्हणाले, "मग नंबर कशाला सांगताय? पाय पाठवा की."

तेव्हापासून आम्ही पाय मागवतो. कागदावर उभं राहायचं, पेन सरळ धरून बाहेरून रेघ मारायची, शेजारी पट्टी ठेवून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. पहिला फोटो गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेचा आला. कोरा कागद हाताशी नव्हता म्हणून त्यांनी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान घेतलं होतं. अंगठ्यापाशी संकष्टी, टाचेखाली 27 तारीख. मी दोन्ही पावलं मोजली आणि उजवं डाव्यापेक्षा चांगलं पाऊण सेंटीमीटर मोठं निघालं. बाईंना फोन केला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणून मला आयुष्यभर उजवी चप्पल चावते होय." कारागिराने दोन पायांना दोन तळ कापले. त्या बाईंनी नंतर स्वतःसाठी, नवऱ्यासाठी, दोन भावजयांसाठी आणि शाळेतल्या किती जणींसाठी मागवलं याचा हिशेब मी ठेवणं सोडून दिलं.

आज माझ्याकडे पायांची वही आहे. खरीखुरी, आडवी, हिशेबाची वही. नाव, गाव, दोन्ही पावलांची लांबी, चवड्याची रुंदी, पायाचा वरचा भाग उंच आहे का, पट्टा किती सोडला, पंधरा दिवसांनी फोन केला तेव्हा काय म्हणाले. पंधरा दिवसांनी, कारण कोल्हापुरी पहिले आठ-दहा दिवस घट्ट वाटते आणि मग पायाला नीट बसते. हे आधीच सांगितलं की निम्मे फोन थांबतात. पहिल्याच दिवशी ढिली बसणारी चप्पल पाठवलीत तर गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होईल आणि महिन्याने ती पायातून निसटायला लागेल. दुसऱ्यांदा तेच गिऱ्हाईक आलं की वही काढायची, माप विचारायचंच नाही. "तुमचं माप आहे की आमच्याकडे" एवढं म्हटलं की पलीकडचा आवाज बदलतो. माझ्या मते धंद्याची वाढ म्हणजे हीच वही जाड होणं. एकाच पानावर दुसरी, तिसरी तारीख पडणं हे नव्या पानांपेक्षा जास्त मोलाचं.

आता साठाचे सहाशे. इथे मी एक वर्ष पार तोंडावर पडलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी अचानक वाढल्या आणि कारागिरांचे हात पुरेनात. आमच्याकडे एका घरात महिन्याला किती जोड निघतात ते तुम्ही काकांना विचारा. पुरुष तळ कापतात, शिवतात. वेणी, गोंडा, पट्ट्यावरचं नाजूक काम बायका करतात, तेही स्वयंपाकपाणी सांभाळून. घाई केली तर टाका लांब पडतो. मी काय केलं, एका व्यापाऱ्याकडून तयार माल उचलला. दिसायला तसाच. तळाला मध्ये पुठ्ठा आणि वादीच्या शिलाईऐवजी डिंक. दिवाळीत सगळे खूश, मीही खूश. मार्गशीर्ष लागेपर्यंत तळ सुटून जोड्या परत यायला लागल्या. पैसे तर गेलेच. पण वहीतली जी जुनी पानं होती, तीन-तीन वर्षं मागवणारी माणसं, त्यातली काही पुन्हा कधीच आली नाहीत. एकीने फक्त इतकंच लिहिलं होतं, "ताई, तुमच्याकडून नव्हतं वाटलं." तो मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

तेव्हापासून बाहेरचा तयार माल उचलणं मी बंद केलं. शे यांनीही अगदी असाच निर्णय घेतला होता, फक्त मी ठेच लागल्यावर आणि त्यांनी वेळेवर. सुरुवातीला झॅपोस बराच माल स्वतः न ठेवता बूट कंपन्यांकडून परस्पर गिऱ्हाइकाला पाठवायची. सोपं होतं, विक्रीचा साधारण चौथा हिस्सा त्यातून यायचा. पण त्या मालाचा साठा खरा किती आहे आणि तो कधी पोचेल यावर त्यांचा ताबा नव्हता. 2003 मध्ये पैशांची ओढाताण असतानाही त्यांनी ते बंद केलं. 2008 साली त्यांची विक्री 100 कोटी डॉलरवर गेली आणि 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने कंपनी विकत घेतली. म्हणून तुमचा सहाशेचा आकडा जाहिरातीवरून ठरवू नका, काकांच्या ओसरीवरून ठरवा. साठाचे नव्वद करायचे असतील तर आधी दुसरं एक घर जोडायला हवं, त्या घरच्या लोकांना माल उचलतानाच पैसे मिळायला हवेत, आणि त्यांचा साचा काकांच्या साच्याशी ताडून बघायला हवा. नव्वद व्यवस्थित गेले की मग पुढचं. मी स्वतः सहाशेच्या जवळ पोचले ते नवव्या वर्षी, आणि पावसाळ्यात आजही निम्म्यावर येते.

हद्दीवरच्या आपल्या माणसांना एक वेगळीच अडचण असते, ती तुम्हालाही आली असणार. पार्सलवर पत्ता कर्नाटकाचा आणि आत चप्पल कोल्हापुरी. ठाण्याच्या एका गृहस्थांनी पार्सल न उघडताच फोन केला, "कोल्हापुरी म्हणता आणि बेळगाव जिल्ह्यातून पाठवता, डुप्लिकेट आहे ना?" मला आधी हसू आलं, मग समजलं की त्यांची चूक नाही. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन आहे ते 8 जिल्ह्यांना मिळून आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणीची चप्पल कायद्यानेही कोल्हापुरीच. आता आमच्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते, मराठीत आणि कन्नडमध्ये, कुणी केली, कुठल्या गावी केली, आणि हे आठ जिल्हे. पत्ता लपवण्यापेक्षा तोच मोठ्या अक्षरात छापला आणि डुप्लिकेट म्हणणारे फोन जवळजवळ थांबले.

भाषेचंही तसंच. आपल्या भागातली माणसं सकाळी मराठीत भांडतात आणि दुपारी कन्नडमध्ये भाव करतात, पण जमखंडीच्या गिऱ्हाइकाला मराठीत मेसेज गेला की त्याला परकं वाटतं. फोनवर मी चिकोडीचीच एक मुलगी ठेवलीय, ती समोरचा "हलो" म्हणतो त्यावरून भाषा ओळखते. शे यांच्याकडे फोनवरच्या माणसाला वेळेचं बंधन नव्हतं, आणि आपल्याकडे माल नसेल तर दुसऱ्या दुकानाचं नाव सांगायची मुभा होती. हे मात्र जसंच्या तसं घ्या. माझ्याकडे नसलेली कापशी पद्धतीची चप्पल कुणी मागितली तर मी सरळ दुसऱ्याचा नंबर देते. ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी आधी मलाच विचारतं.

कुरिअरचा गोंधळ हा तर स्वतंत्र विषय. निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर, कोगनोळीचा नाका ओलांडला की आलंच. तरी माझं एक पार्सल आधी बेळगाव, मग पुणे, मग कोल्हापूर असं फिरून पाचव्या दिवशी कागलला पोचलं होतं. झॅपोसने आपलं कोठार केंटकी राज्यात ठेवलं होतं ते कुरिअर कंपनीच्या मोठ्या विमानतळ केंद्राच्या जवळ म्हणून. आपल्याला तेवढी चैन नाही, पण कोल्हापूर-कागल-गडहिंग्लजची पार्सलं मी आठवड्यातून दोनदा एका पोराच्या हाती कोल्हापुरात पाठवते आणि तिथून पुढे लावते. हद्दीवर काही पेटलं आणि एसटी बंद पडल्या की तेही थांबतं, मग गिऱ्हाइकाला आधीच फोन. गावाच्या नावावर विसंबू नका. बोरगाव आपल्या निपाणी तालुक्यात आहे आणि महाराष्ट्रात किती आहेत ते मोजवत नाही. पिनकोड 59 ने सुरू होतो की 4 ने, एवढं बघितलं तरी पार्सल चुकीच्या राज्यात जाणार नाही.

कराचं थोडक्यात. आपल्याला कागल म्हणजे परराज्य, तिथे आयजीएसटी, म्हणजे परराज्यात विकल्यावर लागणारा जीएसटी. बंगळूर पाचशेहून जास्त किलोमीटर लांब पण ते राज्यातलं. ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना मार्केटप्लेसवर, म्हणजे दुसऱ्याच्या विक्रीच्या वेबसाइटवर, जीएसटी नोंदणीशिवाय विकायची जी सूट मिळाली ती फक्त आपल्याच राज्यात विकणाऱ्यांना आहे. हद्दीवर बसून महाराष्ट्राला विकणाऱ्याला तिचा उपयोग नाही, तेव्हा नोंदणीचं टाळू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर 5 टक्के कर आहे, त्याच्या वर 18, त्यामुळे 2,600 ची जोडी लावताना दोनदा विचार करा.

जाहिरात. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला, तेव्हा मला एका आठवड्यात इतके फोन आले की दोन मोबाईल चार्जिंगला लावून बोलत होते. फुकटची जाहिरात ती, तुम्ही कितीही पैसे घातले तरी तेवढी होणार नाही. त्यातून ऑर्डरी आल्या त्या बऱ्यापैकी, पण वहीत दुसरी तारीख पडली अशी पानं मोजून अकरा. त्याच महिन्यात जुन्या गिऱ्हाइकांना पावसाळ्यात चप्पल कशी जपायची याचा एक साधा मेसेज पाठवला होता, भिजली तर उन्हात नाही, सावलीत वाळवा आणि तेलाचा हात फिरवा एवढाच. त्या एका मेसेजवर चौतीस ऑर्डरी आल्या.

पावसाळ्यावरून आठवलं. जून ते सप्टेंबर प्लास्टिकच्या पिशवीत चप्पल बंद करू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवी, बाहेरून कुरिअरचं काय ते प्लास्टिक. आणि माल कुठे ठेवताय ते बघा. माझं गोदाम म्हणजे मामंजींची जुनी तंबाखूची वखार. पहिल्या वर्षी नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "चप्पल सुरेख, पण घरात कुणीतरी विडी ओढतंय असं वाटतं." भिंतींना तीनदा चुना दिला तेव्हा कुठे वास गेला. काकांच्या घरी जनावरांचा गोठा लागून असेल तर मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळेल.

जाहिरातीवर किती घालायचं हे मी आज सांगणार नाही. आधी गेल्या वर्षभराच्या ऑर्डरी काढा आणि एकाच मोबाईल नंबरवरून दोनदा आलेल्या किती आहेत ते मोजा. परत आलेल्या प्रत्येक जोडीसमोर कारण लिहा, आठवत नसेल तर त्या माणसाला फोन करा, ओरडणार नाही तो. ते दोन कागद घेऊन निपाणीला या, काकांनाही आणा. साचे मात्र विसरू नका, काकांचा आठ नंबर मला माझ्या आठावर ठेवून बघायचाय.